मुठीचा तांदूळ

प्रमाणपत्रावर तुझं नाव चुकलंय, रोह्लुपुइया.
एक एच गाळलाय त्यांनी.
तू म्हणालास, असू दे,
ज्याच्या कामाला जातोय त्याला स्पेलिंग ठाऊक आहे.
मला हसू आलं. दहा महिन्यांत पहिल्यांदा
देवाच्या नावाने मोकळं हसू.

उद्या पहाटे लुंगलेईच्या वळणावरून सुमो येईल,
धुक्यातून आधी हॉर्न, मग दिवे, मग गाडी.
दोन ट्रंका, गिटार, मलेरियाच्या गोळ्या, कुकर.
कुकरची शिट्टी सापडत नाहीये.

काय काय शिकलो इथे:
मोडल्या हाताला बांबूची कामटी बांधायला,
केस कापायला
(तुझ्या मानेमागे माझा पहिला धडा अजून दिसतो),
ताटात पडेल ते खाऊन वर पुन्हा मागायला,
परक्या भाषेत "कुठे दुखतंय?" विचारायला.
उत्तर आलं तर ते कळायला हवं,
तो धडा नेमका पावसात बुडाला.

शेवटच्या मुलाखतीला पाच पाळक ओळीने बसलेले.
का जाताय?
तू वहीतलं उत्तर दिलंस, स्वच्छ, परिच्छेद पाडून.
मी म्हटलं, ठाऊक नाही.
कुणाची तरी खुर्ची करकरली.
म्हातारे पू थांगकिमा बराच वेळ चष्मा पुसत राहिले,
मग म्हणाले, हिला आधी पाठवा.
मला अजून कळलेलं नाही
ती शाबासकी होती की शिक्षा.

आणि काल रात्री, वीज गेल्यावर,
भिंतीकडे तोंड करून तू बोललास:
फेब्रुवारीपासून माझी प्रार्थना वर जातच नाही,
पत्र्याला लागते आणि गादीवर पडते.
अरे,
इतके महिने तुझ्याशेजारी गुडघे टेकून
मी माझ्या कोरडेपणाला लाजत होते,
चोरून तुझे हलणारे ओठ बघत होते!
काय म्हणायचास मग?
"आकडे. शंभरपर्यंत. कधीकधी उलटे."
आपण इतके हसलो की पलीकडून
झुआलीने भिंत ठोठावली.
तिला वाटलं असेल, सुटल्याचा आनंद.
तोही होताच म्हणा.

आई येऊन गेली दुपारी.
तिच्या चुलीशेजारी बिस्किटांचा एक जुना डबा असतो,
झाकणावरचं चित्र घासून पांढरं पडलेलं.
दोन्ही वेळेला तांदूळ भांड्यात पडण्याआधी
एक मूठ त्या डब्यात.
डबा भरला की मंडळीत, मंडळीतून बाजारात,
तिथून आपल्या गोळ्या, आपलं सुमोचं भाडं.
आपल्याला कोण पाठवतंय असं कुणी विचारलं
तर मी त्या मुठी सांगीन,
चिखलाने भेगाळलेल्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या.

बांबू फुलला त्या वर्षी उंदरांनी शेत नेलं.
डबा तरी चुलीशेजारीच होता.
मी विचारलं, आपल्यालाच पुरत नाही ना?
आई म्हणाली, मूठ आधी काढायची, मग मोजायचं.
आधी मोजलं तर निघत नाही.
पण त्या वर्षी ती माझा हात धरून
माझीच मूठ तांदळात बुडवायची.
सात वर्षांची मूठ, कितीशी असणार.
"देवाला फसवू नये," म्हणायची,
"पण मूठ कुणाची, हे त्याने सांगितलेलं नाही."

जिथे जातोय त्या चहामळ्याच्या वस्तीत
आपल्याला कुणी बोलावलेलं नाही.
त्यांचे देव त्यांच्या झाडाखाली आहेत,
त्यांची दुखणी त्यांच्या भाषेत.
आपल्यापाशी काय आहे?
तुझे शंभर आकडे. माझं ठाऊक नाही.
या वर्षी मूठ लहान आहे, एवढंच.
काढून ठेवू या.

आता झोप. नाहीतर ऊठ आणि
ट्रंकेच्या तळाशी, मोज्यांत, एकदा बघ.
शिट्टी मी तिथेच ठेवली होती
असं मला आत्ता वाटतंय.