पिंपातली नदी

तीन पुरांचा गाळ प्यायलेली होडीची मोटार
हरिपुरात नदाफांच्या पडवीत
पाटावर बसलीय, पाहुण्यासारखी.

कार्बोरेटर रॉकेलच्या परातीत.
परात शकिलाची. त्यावरून दोन दिवस अबोला.
पिस्टनची रिंग मिरजेत मिळाली नाही,
कोल्हापूरच्या भंगारात सापडली, दुसऱ्याच कंपनीची,
कानशीनं घासून घरची केलेली.
गॅस्केट कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतून कापलं,
बोल्टच्या भोकाशेजारी
‘अगत्य’ एवढंच उरलं.

प्लगला ठिणगी नाही.
मग पॉलिश पेपर. मग एक शिवी. मग ठिणगी.

रविवारी निळं पिंप भरून
मोटार काठाला अडकवली.
रमजाननं दोरी ओढली, सतरा वेळा.
अठराव्याला ती खोकली,
धूर चिंचेत शिरला
आणि पिंपातलं पाणी उठून
अंगणभर धावलं.
कोंबड्या पत्र्यावर.
शकिला ओरडली, ‘अवो, माझी वाळवणं!’
म्हणजे बोलली.

‘आता मे महिन्यात कशाला रं?
संगमावर पाणी पार तळाला,’ मी म्हटलं.

त्यानं भिंतीकडं बघितलं.
दिव्याच्या बटणाच्या वर, हातभर,
मातकट रेघ.

मग मोटार बंद केली,
कान लावून बसला,
आणि दोरी परत गुंडाळायला घेतली.