आगीवाचून धूर

बाटलीवर हिल्लाने पेन्सिलीने लिहिलं:
बर्च. सातवी खेप. निकेल. दोनशे तीस अंश.
आत अर्धा चमचा, जुन्या मधाच्या रंगाचं काहीतरी.
टोपण उघडून तिने ती बापाच्या नाकाखाली धरली
आणि थांबली.

वेइक्को बत्तीस वर्षं लगद्याच्या गिरणीत होता, बॉयलरवर,
बोथनियाच्या आखाताकाठी,
जिथे समुद्रसुद्धा चार-पाच महिने तोंड उघडत नाही.
झाडं यायची, ढलप्यांचे डोंगर व्हायचे,
पांढरं ते कागदाकडे जायचं
आणि काळं ते त्याच्याकडे.
काळा द्राव. डांबराचा चुलतभाऊ.
वाऱ्यात झाडाला ज्याने उभं धरलं
ते सगळं त्यात विरघळलेलं,
आणि वेइक्को ते जाळायचा.
त्या जाळावर गिरणी चालायची, गावातल्या खोल्या ऊबदार व्हायच्या,
हिल्लाची शाळासुद्धा.
सडक्या कोबीचा वास सुटायचा.
पाहुण्यांनी नाक मुरडलं की गाव म्हणायचं,
पैशाचा वास आहे हा.

"तू जाळलंस ते जाळायचं नव्हतं," ती एकदाच म्हणाली,
नाताळच्या जेवणात.
बटाटे संपेपर्यंत कुणी बोललं नाही.

मार्चमध्ये तो स्वतःहून
जुन्या सोबत्याकडून डबाभर लिग्निन घेऊन आला,
कोकोसारखी तपकिरी भुकटी, झाकणाला दोरी बांधलेली.
तिने ती भांड्यात घातली,
मिथेनॉल ओतलं, निकेल टाकलं, हायड्रोजन भरला,
आठही बोल्ट समोरासमोरचे असे क्रमाने आवळले.
तीन तासांनी उघडलं तर निकेल मेलेलं.
गंधक.
ज्या वासात ती वाढली
त्यानेच तिच्या धातूचा गळा धरला होता.
बापाला फोनवर म्हणाली, डबा कमी पडला रे.

मग जूनमध्ये पोस्टाने गोणी आली.
तळ्याकाठचा बर्च, स्वतः तासलेला,
साल वेगळी काढून. चिठ्ठी नाही.

लिग्निनचा स्वभाव तिला पाठ आहे.
तापवलं की तुटतं,
आणि तुटल्या क्षणी कुणी सावरलं नाही
तर आपल्याच तुकड्यांना बिलगून
पहिल्यापेक्षा कडक होऊन बसतं,
मग कुणाच्या बापाला फुटत नाही.
धातूचं काम एवढंच:
तुकडा सुटला रे सुटला
की त्याच्या उघड्या टोकावर हायड्रोजन टेकवायचा
आणि बाजूला व्हायचं,
नामानिराळं, पुढच्यासाठी हात मोकळे.
हे ती विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा
फळ्यावर सहा कोनांची कडी काढते,
आणि दरवेळी खडू मोडतो.

वेइक्कोने डोळे मिटले.
"सौना," तो म्हणाला.
"आईची. धुराडं नसलेली, जुनी."
आणि पुन्हा हुंगलं.

प्रयोगशाळेत काडी पेटली नव्हती कुठे.
आगीवाचून धूर नाही म्हणतात;
इथे पोलादाच्या बंद पोटात
ज्वाळेचं तोंडही न पाहता
धुरातला वास तेवढा सुटून आला होता,
वर एक लवंगेचा ठसका.
यातून उद्या गोंद होईल, राळ होईल, औषधाचा पहिला टप्पा होईल,
असं हिल्ला अर्जांमध्ये लिहिते.
आत्ता तिने काहीच सांगितलं नाही.

टोपण त्यानेच फिरवून बसवलं,
बॉयलरवाल्याच्या सवयीने, एक पीळ जास्त.
"तो डबा कमी नव्हता पडला," तो म्हणाला. "गंधक ना?"
"हं."
"वाटलंच होतं मला. तरी आणला."

खिडकीबाहेर रात्रीचे दहा, आणि लख्ख ऊन.

"सगळ्याचं होतं का असं?"
"निम्म्याचं. नशीब असेल तर."
"आणि उरलेलं?"
हिल्लाने हातमोजा काढला, घातला, पुन्हा काढला.
"उरलेलं," ती म्हणाली, "सध्या तरी
जाळतो."

बत्तीस वर्षांत गिरणीतल्या कुणी पाहिलं नसेल
वेइक्कोला इतकं मोठ्याने हसताना.