परिच्छेद अकरा

पागनीस पागेतल्या दोघी,
कुमुद गद्रे आणि हेमांगी तारे,
माझ्या टेबलावर पिशवी उपडी करतात:
गॅसचं पुस्तक, विजेची बिलं,
मिक्सरचं वॉरंटी कार्ड, त्यावरही दोन नावं.
सत्तावीस वर्षं.
"एवढा पुरावा पुरेल ना?" हेमांगीबाई विचारतात.
गणित शिकवायच्या. हातचा विसरत नाहीत.

मार्चमध्ये कुमुदताईंचं पित्ताशय काढायचं होतं.
फॉर्मवर रकाना: रुग्णाशी नातं.
'मैत्रीण' वाचून काउंटरवरचा पोरगा म्हणाला,
"आंटी, घर का कोई हो तो बुलवाओ."
मग देवासहून भाचा आला,
सात वर्षांत न फिरकलेला.
उभ्याउभ्या सही केली
आणि गाडी चुकीच्या जागी लावलीय म्हणत निघून गेला.

मी मसुदा लिहिते. कलम चौदा. कलम एकवीस.
समोरून काय येईल ते ठाऊक आहे:
आता गुन्हा तर उरला नाही,
राहा की सुखाने, अडवलंय कोणी?
माय लॉर्ड, न अडवणं वेगळं
आणि दाराशी आलेल्याला आत घेणं वेगळं.
(रात्री हे फार छान वाटलं होतं.
सकाळी खोडलं. कोर्टाला उपमा चालत नाहीत.)
लग्नाचा प्रश्न वरच्या कोर्टाने संसदेकडे सोपवलाय.
बरं. मी लग्न मागतच नाहीये.
एक रकाना मागतेय,
सही करण्यापुरता.

परिच्छेद अकरापाशी अडलो.
'याचिकाकर्त्या सन १९९७पासून एकत्र राहतात.'
कुमुदताईंनी चष्मा पदराला पुसला.
"एकत्र तर पेइंग गेस्टही राहतात.
संसार लिही."

इंग्रजीत शब्द सापडेना.
हिंदीत घालू म्हटलं तर बन्सीलाल थांबला,
बोटं की-बोर्डवर अधांतरी:
"संसार? मतलब दुनिया?
मॅडम, ये दोनों सत्ताईस साल से
दुनिया चला रही हैं?"

मला हसू आलं. हेमांगीबाईंना नाही.
बिलं तारखेवार लावता लावता म्हणाल्या,
"दूध. भाडं. हिची शुगर. गच्चीची गळती.
दर दिवाळीला हिच्या भावाला फोन,
तो उचलत नाही तरी.
आणखी काय असतं रे दुनियेत?"

बन्सीलालने माझ्याकडे पाहिलं.
राहू दे तसंच, म्हटलं.

बुधवारची तारीख पडलीय. यादीत नंबर त्रेचाळीस,
म्हणजे बहुतेक पुढची तारीख.
कुमुदताई जिन्यावरून परत फिरल्या:
"तुझाही डबा आणू का गं त्या दिवशी?"