सातवी गादी

नुकाझावाला स्टेशनमास्तर नाही.
तिकीटखिडकीवर फळी ठोकली त्याला तेवीस वर्षं झाली.
फळीच्या वर पाकोळ्यांचं घरटं, खाली दोरीनं बांधलेला पुठ्ठा,
त्यावर कुणीतरी लिहिलंय:
डोक्यावर काही पडल्यास क्षमस्व.

वेळापत्रकात सहा आकडे.
बाकीचा कागद पांढरा,
कापणी झालेल्या भातशेतावर
बर्फ पडून राहतं तसा.

बाकावर सात गाद्या.
किसाबुरो गेला त्या हिवाळ्यात
तोकिएबाईंनी त्याच्या युकातांच्या शिवल्या.
निळ्या, विटलेल्या.
एकीवर इस्त्रीचा डाग, तपकिरी, नावेसारखा.
शाळेची पोरं ती टाळतात.
मंगळवारी, शुक्रवारी दवाखान्यात जाताना
मी मुद्दाम तिच्यावरच बसते.

ह्या मंगळवारी मोजल्या तर सहा.
डागाचीच नव्हती.
तोकिएबाई काही बोलल्या नाहीत,
फलाटावरचं गवत जरा जास्तच बुडातून कापलं,
एवढंच.

शुक्रवारी दोन-चौदाची आली, एकच डबा.
मी चढले, नंबराची चिठ्ठी घेतली, बसले.
उतरलं कुणी नाही.
उतरला तो ड्रायव्हर, मिनेगिशी,
मिसरूडही नीट न फुटलेला,
पांढऱ्या हातमोज्यांत ती गादी,
झोपलेलं मूल आईकडे द्यावं तशी धरलेली.

"शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन आली," म्हणाला,
"पुढच्या सीटवर, खिडकीकडे."

तोकिएबाईंनी विळा खाली ठेवला.
"भाडं किती झालं?"

तो हसला नाही. टोपी सरळ केली.
"वय काय हिचं?"

त्यांनी बोटं मोजली.
जानेवारीत पाच पुरी होतील की सहा,
ह्यावर जरा अडखळल्या.
"पाच."

"मग माफ. सहाच्या आतल्यांना तिकीट नाही,
सोबत मोठं माणूस असेल तर."

"होतं का कुणी सोबत?"

"मी होतो ना," तो म्हणाला,
आणि मानेपर्यंत लाल झाला.

काचेतून बघितलं,
गादी दोनदा झटकून
त्यांनी माझ्या जागेवर ठेवली,
डाग वर.

गाडी हलली. स्पीकर खरखरला:
तीन मिनिटांच्या खोळंब्याबद्दल
आम्ही मनापासून दिलगीर आहोत.
कारण सांगितलं नाही.

डब्यात आम्ही दोघंच.
कांद्याच्या रोपांची पेटी मांडीवर घेतलेले हिराओका
घड्याळाकडे बघून पुटपुटले,
साडेतीन.