वायसर

तिचं नाव आयनो.
दारात उभं राहून तिनं ते मोठ्यानं सांगितलं
आणि पोरांना वाटलं, ही बाई समस्त मातांना हाक मारतेय :
आयांनो!
धुणं टाकून तिघी खरंच आल्या.

तळजईच्या उताराला आमची बालवाडी.
वर पत्रा, तीन भिंती विटांच्या, चौथी रंगाची.
रंगाचीच म्हणायची.
दर डिसेंबरला कुठल्या कुठल्या देशांची पोरं यायची,
दोन आठवडे राहून ती एक भिंत रंगवून जायची.
आधी हत्ती.
हत्तीवर पृथ्वीचा नकाशा. नकाशावर सूर्यफुलं.
एका उन्हाळ्यात पोपडा पडला तेव्हा
सूर्यफुलाच्या पोटातून आफ्रिका दिसली
आणि आफ्रिकेखाली हत्तीचा डोळा,
अजून उघडाच.

हिनंही ब्रश आणले होते.
दुभाष्या पोरानं विचारलं, ताई, ती म्हणते काय काढू?
म्हटलं, काही काढू नकोस म्हणावं.
नळ गळतोय तो बघ.

तिच्या देशात म्हणे तळी इतकी
की मोजणारा म्हातारा होतो.
आमच्याकडे पाणी पहाटे साडेचारला येतं
आणि कुणाचा हंडा भरायचा राहिलाय ते न बघता जातं.
तिनं ब्रश गुंडाळून ठेवले.
पद्मावतीला ओसवालच्या दुकानापर्यंत
एकच शब्द घोकत गेली : वायसर, वायसर, वायसर.
मध्ये रस्ता ओलांडताना रिक्षा आडवी आली असणार,
कारण काउंटरवर ती म्हणाली, वासरू.
ओसवाल अजून गिऱ्हाइकांना सांगतो,
एक गोरी बाई आली होती, वासरू मागत,
अर्ध्या इंची.

हसून झालं की मला आफ्रीन आठवते.
चार वर्षांची. आई कात्रजला कांदे निवडायला,
बाप होता तेव्हाही नसल्यासारखा.
आयनोच्या कडेवरून ती खाली उतरायची नाही,
डबासुद्धा तिथंच खायची, तिच्या केसांना भात लावत.
मी म्हटलं होतं, बाई गं,
कडेवर घेणं सोपं असतं.
दुभाष्या त्या दिवशी आला नव्हता.

मार्चात ती गेली.
आफ्रीन रोज ऊन कललं की पायरीवर जाऊन बसायची,
चपला घालून, तयार.
जूनपर्यंत.
मग एक दिवस बसली नाही,
आणि ते न बसणं मला जास्त लागलं.

मी पत्र लिहिलं. रागाचं.
येताना जायचं तिकीट काढून येता,
तेवढं पोरांनाही दाखवत चला, असं काहीबाही.
इंग्रजी करताना त्या पोरानं काय पाक घातला देव जाणे,
उत्तर आलं : आपल्या प्रेमळ शब्दांबद्दल मनापासून आभार.

वर्षभरानं दुसरं पाकीट.
आत तिच्या हातचं मराठी,
अक्षरं थंडीत काकडल्यासारखी, ऱ्हस्व-दीर्घ वाऱ्यावर :
ताई मी आता वाचायला शिकते. तो राग परत पाठवा.
पाठवला. सगळा.
मग तिनंही तिचा पाठवला,
की मी तिला एकदाही चहा विचारला नव्हता, दुभाष्याला विचारायचे.
खरं होतं ते.

आता जे येतात त्यांना महिनाभर पाणी भरायला लावते.
आधी एकोणीस नावं पाठ, मग पोरांना हात.
आणि जायची तारीख मीच पोरांना सांगते,
पहिल्याच सकाळी, कॅलेंडरवर गोल काढून.
एक-दोघं रडतात. रडू दे.
चहा सगळ्यांना.

गेल्या महिन्यात नळ पुन्हा गळायला लागला.
आठ वर्षं टिकलं म्हणजे काही वाईट नाही.
ओसवालला म्हटलं, वासरू द्या.
त्यानं माप विचारलं नाही.
आफ्रीन सातवीत आहे, पाना तिनंच हातात घेतला,
जीभ बाहेर काढून फिरवत राहिली,
अजून आवळू का, म्हणाली.
म्हटलं, बास.
फार आवळलं की फाटतं ते.