नेम

तळघरात बाबा दारू मोजत बसलेत.
पूर्वी कधी मोजली नव्हती.

ही वेगळी. करडी, आखूड दाण्यांची,
पितळी पारड्यात पडताना कोरडी सळसळते.
खिडकी अर्धी बर्फात गेलीय, खाली लोगेन नदी गोठलेली,
आणि हीटर बंद, कारण गरम हवेनंही काटा हलतो म्हणे.
बोलायचं तर भिंतीकडे तोंड करून बोल,
असं मला आल्या दिवशीच सांगितलंय.

चिमट्यात एक दाणा.
सोडतात.
दांडी तिळभर उचलते, विचार करते, थांबते.
मग पुढची पुंगळी.

पुंगळ्या पन्नास, एकाच रायफलीतून अकरा अकरा वेळा उडालेल्या.
तिच्या पोटाचा आकार त्यांना आता पाठ आहे.
पितळ विसरत नाही, बाबा भिंतीला सांगतात,
दर वेळी थोडं ताठरतं.
मग त्याची मान ज्योतीवर धरायची, निळसर झाक येईतो,
फार नाही, नाहीतर कामातून जातं,
आणि धरलीच नाही तर एक दिवस चिरतं.
मी भिंतीकडे बघत ऐकते.

मे महिन्यात रेंज उघडली तेव्हाचा कागद खिळ्याला लटकतोय.
तीनशे मीटर. वाढत्या मापाची काडतुसं, तीन तीन.
माप वाढतं तशी भोकं कागदावर चढत जातात,
आणि मध्येच कुठेतरी
तीन मापं एकाच उंचीवर येऊन टेकतात,
जिन्यात पाय टेकायला सपाट जागा असावी तशी.
तिथे राहायचं.
अंगात जोर आहे म्हणून वर जायचं नाही.
हे ते भिंतीला नाही, मला बघून म्हणाले,
आणि लगेच काट्याकडे वळले.

वही निळ्या पुठ्ठ्याची. रकाने आखलेले:
तारीख, तापमान, वारा, डब्याचा क्रमांक,
गोळी पुंगळीत किती खोल बसवली ते, केसाच्या जाडीपर्यंत.
पहिल्या पानावर मात्र माप नाही.
नुसतं: आज हात हलतोय. उद्या.
दुसऱ्या पानावर तेच.
सात पानं तेच.
आठव्यावर एक आकडा, खोडलेला,
नवव्यावर तोच आकडा, न खोडलेला.
पुढे रोज रात्री आठला, नेमाने,
ज्या वेळी आई माझे बूट दाराशी काढून ठेवायची,
पळायचं झालंच तर.

सप्टेंबरचा कागद मी हळूच शोधला.
चार गोळ्या एकाच भोकात, भोकाच्या कडा जरा फाटक्या,
टपाल तिकिटानं झाकता येईल एवढं सगळं.
पाचवी उजवीकडे, दोन बोटं लांब.
क्लबच्या ओडलाउगबाई दुर्बिणीतून बघून म्हणाल्या होत्या,
"वारा, हाल्ग्रिम, वाराच."
पताका तर मेल्यासारख्या लोंबत होत्या.
बाबांनी ती पुंगळी घरी आणून चाकावर फिरवली,
तोंड तपासलं, बूड तपासलं, भिंग लावून टोपीवरचा ठसा पाहिला.
पुंगळीत काही खोट नव्हती.

'कारण' या रकान्यात त्यांच्या किरट्या अक्षरात:
गाडीचं दार वाजलं. सूनिवा आली.

नऊ वर्षांनी मी त्या रस्त्यावर उतरले होते,
आणि दार जरा जोरातच आपटलं होतं.
मला वाटलं होतं त्यांनी ऐकलं नाही.
वळलेसुद्धा नव्हते.
बंदूक खाली ठेवून, खटका उघडा करून,
किती तरी वेळ त्या कागदाकडेच बघत राहिले होते.

"ये," आज ते म्हणतात, आणि चिमटा माझ्याकडे करतात.
मी बसते. खुर्ची त्यांच्या अंगाच्या उबेची.
श्वास धरते. एक दाणा.
दाणा पारड्याच्या कडेवर आपटून टेबलाखाली जातो.
दुसरा. तोही.
माझी बोटं, हे आत्ताच दिसतंय मला,
थेट त्यांच्यासारखी आहेत.

ते विचारत नाहीत, कधीपासून.
पाटीवरचं पारडं उचलून डब्यात उलटं करतात, झाकण लावतात,
वहीचं नवं पान काढतात, तारीख घालतात,
आणि पेन्सिल माझ्यापुढे सरकवतात.