एकास पस्तीस

औरंगपुऱ्यातल्या त्या दुकानात
पुढं वह्या, कंपास, दहावीचे अपेक्षित प्रश्नसंच
आणि मागं, काचेच्या एका कपाटात
तीन रणगाडे, खोक्यांत.

जालन्याहून सकाळच्या एस्टीनं आलो आम्ही.
मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते,
रात्री उरलेल्या डोळ्यांनी
विमान, जहाज, मिळेल ते जोडत बसते.
किशनमामांनी सोळा वर्षं रणगाडा चालवला.
आता स्टीलच्या कारखान्यात रात्री गेटवर असतात,
भंगाराचे ट्रक मोजून आत सोडतात.
त्यांना साठ लागलं तेव्हा म्हटलं,
मामा, तुमचा गाडा करून देते.
"निवडायला मी येणार," म्हणाले.
एवढंच.

पहिलं खोकं जर्मन, पाटासारखं जड.
दुसरं अमेरिकन, चित्रात मागं नुसती आग.
तिसऱ्याचा कोपरा दबलेला, पण आकडा तोच:
बहात्तर.
मामांनी त्यावरून अंगठा फिरवला,
नवी कवळी बसवल्यावर
म्हातारी माणसं जीभ फिरवून बघतात
तसा.

"एकास पस्तीस," मोमीनभाई म्हणाले.
मामा मनातल्या मनात भागाकार करत राहिले.
"म्हणजे मी एवढा."
अंगठा आणि बोट यांच्यामध्ये
पावणेपाच सेंटिमीटर हवा.
उंची बेताची, म्हणून तर घेतलं होतं त्यांना गाड्यावर.
गावात ज्याला बुटक्या म्हणत
त्याच्या मापाची जागा
लोखंडात आधीच कापून ठेवलेली.

"आतलं येतं का?"
मोमीनभाईंनी चष्मा वर करून खोक्याची बाजू वाचली.
नाही. आत पोकळ.
"झाकण लावल्यावर कोण बघतंय, काका?"
"म्या आतच होतो की."

जर्मनमध्ये आत सगळं होतं,
खुर्च्या, गोळे, वायरी, विस्तव विझवायची टाकीसुद्धा.
किंमत तिप्पट.
मी पर्सची चेन उघडली. मामा, हेच घेऊ.
"दुसऱ्याच्या घरात जाऊन बसू का?"

मग बराच वेळ ते नुसती चित्रंच बघत होते.
तिन्ही खोक्यांवर नळी सरळ समोर.
"काढणारा कधी आत बसला न्हाई," म्हणाले.
"नळी मधोमध आली
की डायव्हरचं झाकण उघडत न्हाई.
वरचा बाजूला घेईल
तवा आपण बाहेर."

"आणि वरच्यानं नाही घेतली तर?"

मामांनी खोक्याचं झाकण काढलं,
दबलेला कोपरा आतून बोटानं
हळूहळू बाहेर ढकलला.
"हे द्या," म्हणाले.
"कोपऱ्याचे शंभर कमी करा."

खुर्ची मीच केली, कवळीच्या ॲक्रिलिकची.
हिरड्यांच्या गुलाबी रंगाची ती खुर्ची बघून
मामा एवढे हसले की ठसका लागला.
मग तिला काळा रंग दिला.
दातांच्या तारेचे दोन लिव्हर केले,
टॉर्च मारून, एक डोळा मिटून त्यांनी आत पाहिलं.
"डावा जरा वाकडा होता."
चिमट्यानं वाकवला.
"अजून."
वाकवला.
"हां."

माणूस नाही केला.
खोक्यात एक कमांडर आलेला, छातीपर्यंत बाहेर,
हात पुढं करून काहीतरी दाखवणारा;
तो अजून पिशवीतच आहे.

गाडा आता टीव्हीशेजारी.
मामी फडकं मारताना नळी सरळ करून ठेवते,
सरळ बरी दिसते म्हणते.
सकाळी रात्रपाळीहून येऊन
मामा बूट काढतात,
माठातलं पाणी पितात, उभ्यानंच,
आणि झोपायला जाता जाता
एका बोटानं
नळी उजवीकडं सारतात.